रानटी ट्यूलिप: विदर्भातल्या अंगणात कोणी लावून पाहिलेत का?

बरडावरची (दारव्हा)

नमस्कार मंडळी. विषय ऐकून हसाल, पण बरेच दिवस डोक्यात आहे म्हणून धागा काढतेच.

लग्नाच्या स्टेजवर असतात ते मोठाले ट्यूलिप मला नकोत. मला हवेत त्यांचे रानातले भाऊबंद. त्यातला एक ‘क्लुसियाना’. वीत-दीड वीत उंची, बारीक देठ, पाकळ्या बाहेरून लालसर आणि आतून पांढऱ्या. ऊन चढलं की फूल सपाट उघडतं, दिवस कलला की मिटतं. दुसरा ‘टार्डा’. अगदी ठेंगणा, पिवळा, पाकळ्यांची टोकं पांढरी, आणि एका देठावर चार-पाच फुलं. दोन्हीचे कंद एका आयातदार नर्सरीकडे मिळतात असं कळलं. मोठ्या ट्यूलिपचा कंद लहान कांद्याएवढा असतो, यांचा फार तर सुपारीएवढा.

आमचं घर दारव्ह्याजवळच्या खेड्यात. समोर अंगणात भारी काळी माती, मागे थोडी बरड, वर मोकळी गच्ची. मातीच्या कुंड्या भरपूर आहेत. फ्रीज आहे, लाइनीचा भरवसा नाही. उन्हाळ्याबद्दल तुम्हाला काय सांगायचं?

नेटवर शोधलं तर सगळे सल्ले थंड देशांतले. ‘पानगळीत जमिनीत पुरा आणि वसंतापर्यंत विसरून जा.’ आमच्याकडे ऑक्टोबरात पुरून विसरलं तर कंद भाजूनच निघेल. तेव्हा आपल्या हवेत काय करता येईल ते अनुभवी लोकांनी सांगा.

---

ऊनकरी (अकोला)

बाप्पा ताई! इथं मे मयन्यात कूलरपुढं बसून माणसाचा जीव जाते अन् तुमी काश्मीरचं फूल लावून रायल्या? त्यापरीस बोगनवेल लावा. पानी नाई मांगत, थंडी नाई मांगत, गुरं बी तोंड लावत नाई.

---

कोरडवाहू (वरुड)

ऊनकरी भाऊ, थट्टा राहू द्या, मुद्दा समजून घ्या. रानटी ट्यूलिपचं वैर उन्हाशी नाहीच.

या फुलांचं मूळ घर मध्य आशिया: तिएन शान, पामीर-आलाय हे डोंगर आणि त्यांच्या पायथ्याची गवताळ माळरानं. तिथे हिवाळ्यात बर्फ, मार्च-एप्रिलला ओल, मग कडक कोरडा उन्हाळा. ट्यूलिप त्या ओलीच्या दोन-अडीच महिन्यांत उगवतो, फुलतो, बी धरतो आणि पानं वाळवून खाली झोपी जातो. वर रान करपलं तरी वीतभर खाली कंद शाबूत राहतो. म्हणजे कोरडा उन्हाळा त्याला सोसतो, नव्हे, लागतोच.

आपली अडचण दोन ठिकाणी आहे.

पहिली, थंडी. कंदातला फुलाचा देठ लांब व्हायला त्याला बारा-चौदा आठवडे 2 ते 9 अंशांत राहावं लागतं. नागपुरात डिसेंबर 2018 मध्ये पारा 3.5 पर्यंत उतरला होता हे खरं, पण ती दोन-चार रात्रींची गोष्ट. एरवी आपल्याकडे रात्री 10-12 आणि दुपारी 28. रात्रीची कमाई दुपारी खर्च होते. यावर उपाय सोपा आहे, फ्रीज.

दुसरी अडचण खरी मोठी, पण तिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही: आपला पावसाळा. झोपलेल्या कंदाला कोरडेपणा हवा असतो आणि नेमकं तेव्हाच आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस. पश्चिम विदर्भात 700-800 मिलिमीटर, गडचिरोलीकडे त्याच्या दुप्पट. त्यात भारी काळी माती. गरम आणि ओल्या चिखलात ट्यूलिपचा कंद पोळ्यापर्यंतसुद्धा टिकत नाही, हाताला मऊ गिळगिळीत लागतो.

आमच्या वरुड-मोर्शीच्या माणसाला हे लवकर कळतं, कारण संत्र्याला आपण ताण देतो. मृग बहारासाठी उन्हाळ्यात पाणी तोडतो, झाड पानगळीला येतं, मग पाऊस पडला की फुटतं. ऐन ताणात कोणी पाणी सोडलं तर बहार गेला. ट्यूलिपचाही ताणच समजा, फक्त तो मार्चअखेरपासून थेट सप्टेंबरपर्यंत चालतो आणि त्यात एक थेंबही चालत नाही.

तेव्हा ताई, अंगणात लावायचा विचार सोडा. कुंडीतच लावा. कुंडी उचलून आत नेता येते, अंगण नेता येत नाही.

---

कपाशीवाली (आर्वी)

कोरडवाहू काका, छान समजावलंत. एक शंका. आपली काळी माती चुनखडीची, विम्लधर्मी. ट्यूलिपला ती चालते का? आमच्या अंगणात गुलाबसुद्धा पिवळा पडतो.

---

कोरडवाहू (वरुड)

चुनखडी त्याला चालते. मध्य आशियातल्या त्याच्या कित्येक जागा चुनखडकाच्याच आहेत. वांधा चुन्याचा नाही, निचऱ्याचा आहे. काळी माती पाणी धरून बसते, आणि वाळली की भेगा पडून मुळं तोडते.

कुंडीसाठी एक भाग साधी माती, एक भाग चाळलेला बारीक मुरूम, एक भाग जाड रेती. शेणखत अगदी कमी आणि दोन वर्षं जुनं, भुसभुशीत झालेलं. ताजं शेणखत घातलं की कंदाला बुरशी धरलीच म्हणून समजा. मूठभर हाडांचा चुरा मिसळा. कुंडीच्या बुडाशी फुटक्या कवेलूचे तुकडे टाका, छिद्र बुजायला नको. आणि कुंडी मातीचीच घ्या. प्लास्टिकची दुपारच्या उन्हात आतून तापते.

---

झाडीपट्टीचा (कुरखेडा)

मला एक सांगा, हा सगळा खटाटोप कशासाठी? आमच्या जंगलात मृगाचा पाऊस पडला की कळलावी वर येते. लाल-पिवळी, पाकळ्या उलट्या वळलेल्या. तिच्यापुढं ट्यूलिप काय? रानकांदा तर पानं यायच्या आधीच, ऐन उन्हाळ्यात फुलाचा दांडा काढतो आणि फुलं रात्री उघडतात. पावसाळ्यात रानहळदीचे गुलाबी तुरे. हे सगळे कंदच आहेत आणि आपल्या पावसाशी यांचं वैर नाही. लोक घरची सोडून दारची आणतात.

---

बरडावरची (दारव्हा)

झाडीपट्टी दादा, रागावू नका. कळलावी माझ्या कुंपणावर आहे, दरवर्षी येते. रानहळदही कोणी दिली तर लावीन. ट्यूलिप आला म्हणून त्यांना काढून टाकणार नाही. मार्च उजाडायच्या आत अंगणात काहीतरी नवं फुललेलं पाहायची हौस आहे, एवढंच. हौसेला हिशोब नसतो.

काका, फ्रीजचं नीट सांगा ना. कंद आल्यावर लगेच ठेवायचे का? कशात? किती दिवस?

---

झाडीपट्टीचा (कुरखेडा)

राग नाही ताई. मत मांडलं. पण कळलावीच्या कंदाला लहान मुलांना हात लावू देऊ नका. त्यात कोल्चिसिन असतं, थोडंसं पोटात गेलं तरी जिवावर बेतू शकतं. शोभेचं झाड म्हणून लावणारे हे विसरतात.

---

कोरडवाहू (वरुड)

फ्रीजचं सांगतो.

कंद सप्टेंबरअखेरपर्यंत हातात आले पाहिजेत. आल्या आल्या प्रत्येक कंद दाबून पाहा. कडक असेल तो ठेवा, मऊ असेल किंवा निळी-हिरवी बुरशी असेल तो फेका. वरचं तपकिरी साल थोडं निघालेलं असलं तर हरकत नाही. मग ते कागदी पिशवीत किंवा जाळीच्या पिशवीत घालून फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात. प्लास्टिकच्या बंद पिशवीत नको, घाम धरतो. बर्फाच्या कप्प्यात तर मुळीच नको, गोठले की मेले.

फ्रीजमधून काढायचे 20 ते 25 डिसेंबरच्या सुमारास आणि त्याच दिवशी लावायचे. बाहेर चार दिवस पडू दिले तर साठवलेली थंडी वाया जाते. आपल्याकडची माती 15 डिसेंबर ते 15 जानेवारी या महिन्यातच काय ती गार असते. तेवढ्यात मुळं सुटली पाहिजेत.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: त्या फ्रीजमध्ये सफरचंद, केळी, चिकू, पिकलेले टोमॅटो ठेवायचे नाहीत. पिकणाऱ्या फळातून इथिलीन वायू निघतो आणि तो कंदातली फुलाची कळी आतल्या आत मारतो. बाहेरून काही कळत नाही. लावल्यावर नुसती पानं येतात आणि लोक म्हणतात, बी खोटं निघालं.

---

शेवंता (हिंगणघाट)

तीन महिने फ्रीजमध्ये टोमॅटो नाही? आमच्या घरात आधी फारकत होईल.

---

ऊनकरी (अकोला)

😀 हाव ना. अन् पिशवीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवजा बाई. नाईतर कोनी कांद्याचे पिल्लं समजून फोडनीत टाकन.

---

कोरडवाहू (वरुड)

ऊनकरी भाऊंनी गमतीत सांगितलं, पण चिठ्ठी खरोखर लावा. ट्यूलिपचा कंद खाण्याची वस्तू नाही. दुसऱ्या महायुद्धात, 1944-45 च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार झाली तेव्हा लोकांनी ट्यूलिपचे कंद उकडून पोट भरलं, आणि तेसुद्धा मधला कोंब काढून टाकून. हौसेनं कोणी खाल्ले नव्हते. कुत्र्याच्या, शेळीच्या पोटात गेले तर उलट्या-जुलाब होतात. काहींच्या बोटांना कंद हाताळून खाज येते, कातडी तडकते. खूप कंद लावायचे असतील तर हातमोजे घाला.

टोमॅटोचं म्हणाल तर पिकलेले बाहेर ठेवा, हिवाळ्यात ते बाहेरही टिकतात.

---

कपाशीवाली (आर्वी)

लाइन गेली की काय करायचं? आमच्याकडे कधी कधी सहा-सहा तास जाते.

---

कोरडवाहू (वरुड)

सहा तासांनी बिघडत नाही. दार उघडू नका. कंद आत 10-12 अंशांवर गेला आणि पुन्हा खाली आला तरी चालतं. दोन-तीन दिवस सलग लाइन नसेल तर मात्र तेवढे दिवस पुढे वाढवा. बारा आठवडे हा काही पंचांगातला मुहूर्त नाही, चौदा झाले तरी नुकसान नाही. कमी पडले तर मात्र दिसतं. देठ वाढत नाही आणि फूल पानांच्या बेचक्यातच अडकून राहतं.

---

सेमाडोहकर

हे अडकलेलं फूल मी डोळ्यांनी पाहिलंय. चिखलदऱ्याला माझ्या आत्याचं घर आहे. 1100 मीटरची उंची, तिथे कॉफी होते, जानेवारीत सकाळी गवतावर दंव पांढरं दिसतं. म्हटलं इथे तरी फ्रीज लागणार नाही. क्लुसियाना आणि टार्डा दोन्ही ऑक्टोबरअखेर थेट वाफ्यात लावले.

क्लुसियाना आला. पानं अरुंद, करड्या-हिरव्या रंगाची, काठ लालसर. फुलं थोड्याच कंदांना आली आणि देठ आखूड, पण आली. जवळून पाहिलं तर तळाशी जांभळट काळा डाग आणि त्याच रंगाचे पुंकेसर, पांढऱ्यावर काजळाची रेघ ओढावी तसे. टार्डानं मात्र नुसती पानं दाखवली, फूल नाहीच.

पुढचा पावसाळा त्या वाफ्याला मानवला नाही. चिखलदऱ्याचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. वाफा उकरला तेव्हा नुसती सालं हाताला लागली.

---

कोरडवाहू (वरुड)

सेमाडोहकर, तुमचा अनुभव मोलाचा आहे. टार्डाचं तसंच होणार. तो तिएन शानचा, त्याला पक्की आणि लांब थंडी हवी. क्लुसियानाचं घर इराण-अफगाणिस्तानपासून आपल्या पश्चिम हिमालयापर्यंत पसरलेलं आहे, तो कमी थंडीवरही भागवतो. उष्ण भागात टिकणाऱ्या रानटी ट्यूलिपांत त्याचं नाव आधी घेतात. त्याच्या जोडीला क्रीट बेटावरचा गुलाबी-जांभळा ‘सॅक्सॅटिलिस’ आणि पिवळा ‘सिल्व्हेस्ट्रिस’.

बरडावरची ताई, माझं ऐकाल तर टार्डा या खेपेला घेऊच नका. सगळे पैसे क्लुसियानावर लावा. त्यातला पिवळा ‘क्रिसान्था’ मिळाला तर तोही घ्या.

---

पुस्तकी किडा (नागपूर)

अवांतर, पण धाग्यात शोभेल म्हणून. ‘क्लुसियाना’ हे नाव ज्यांच्यावरून पडलं ते कारोलस क्लुसियस वनस्पतिशास्त्रज्ञ होते. 1593 मध्ये ते हॉलंडमधल्या लायडन विद्यापीठाच्या बागेत आले आणि तिथे त्यांनी ट्यूलिप लावले. पुढे हॉलंडला या फुलाचं वेड लागलं. एकेका कंदाची किंमत घराएवढी झाली आणि फेब्रुवारी 1637 मध्ये बाजार एकदम बसला. ज्या रेघारेघांच्या फुलांना सगळ्यात जास्त भाव होता, त्या रेघा रोगाच्या होत्या. मावा पसरवतो त्या विषाणूमुळे रंग फुटायचा. हे कळायला 1928 साल उजाडलं.

श्रीनगरला झबरवान डोंगराच्या पायथ्याशी मोठी ट्यूलिप बाग आहे. पण तिथे असतात ते बहुतेक संकरित. रानटी ट्यूलिप पूर्वी काश्मीरमध्ये जुन्या घरांच्या मातीच्या छपरांवर उगवायचे. आता छपरंच पत्र्याची झाली.

---

ऊनकरी (अकोला)

1637 चं वाचून आमची मुसळी आठवली. सफेद मुसळी ह्या औषधी कंदाच्या बेण्याचा भाव आयकून लोकायनं काय काय नाई केलं. मंग इमू आले. आमच्या गावात एकानं बायकोचे गोठ इकून इमू घेतले होते. बेनं इकनारा तेवढा मोठा झाला.

ताई, तुमी हौसेनं लावा, पन कोनी ‘शेतात लावा, आमी माल घेतो’ म्हनत आला तं दारातूनच वापस करजा.

---

बरडावरची (दारव्हा)

भाऊ, पक्कं लक्षात ठेवीन. एवढ्याशा कंदासाठी शेत कोण देतं!

पुस्तकी किडा, मातीच्या छपरावर ट्यूलिप ही कल्पनाच किती सुंदर. आणि कारणही पटतं. छपरावर पाणी थांबत नाही, उन्हाळ्यात माती खडखडीत.

आणखी एक. माझा भाचा कुमाऊंला ट्रेकला जातो. तिकडे गव्हाच्या शेतांच्या बांधावर क्लुसियानाच्या जातीचे उगवतात म्हणे. त्याला चार कंद आणायला सांगू का?

---

सेमाडोहकर

नको. अजिबात नको. रानातून उपटून आणायची सवय एकदा लागली की थांबत नाही. आमच्या मेळघाटात सफेद मुसळीचं रान कसं साफ झालं ते आम्ही पाहिलंय. शिवाय फुलावर असताना उपटलेला कंद पुढे जगत नाही, त्यात काही साठलेलंच नसतं.

---

पुस्तकी किडा (नागपूर)

सेमाडोहकरांना अनुमोदन. आणि कोणी परदेशातून येताना सुटकेसमध्ये कंद आणत असेल तर तेही करू नका. 2003 च्या वनस्पती संगरोध (क्वारंटीन) आदेशानुसार लावायचा माल बाहेरून आणायचा तर आयात परवाना आणि त्या देशाचं वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. विमानतळावर काढून घेतील ते वेगळंच, पण एखादा नवा रोग गावात आला तर संत्र्या-कपाशीच्या रोगांत आणखी एकाची भर. घेताना नर्सरीला विचारा, माल कागदपत्रांनिशी आलाय का आणि लागवडीतला आहे का.

---

शेवंता (हिंगणघाट)

मी वाचता वाचता घ्यायच्या विचाराला आले. लावायचं कसं तेवढं कोणी सांगेल का? खोली, अंतर, पाणी. आणि उंदरांचं काय? आमच्याकडे गुलछडीचे कंदसुद्धा सोडत नाहीत.

---

कोरडवाहू (वरुड)

कंदाच्या उंचीच्या तिप्पट खोल. छोटा कंद असला तरी कुंडीत चार बोटं मातीखाली जाऊ द्या, म्हणजे दुपारची धग पोचत नाही. टोक वर, चपटी बाजू खाली. दोन कंदांत दोन-तीन बोटांचं अंतर पुरे. दहा इंची कुंडीत आठ-दहा कंद सहज बसतात, आणि एकेकटा लावण्यापेक्षा असा झुबका छान दिसतो. लावण्याआधी कंद ट्रायकोडर्मा या उपकारक बुरशीच्या पाण्यात बुडवून सावलीत सुकवा.

लावल्यावर एकदा भरपूर पाणी. मग कोंब दिसेपर्यंत माती नुसती दमट. कोंब आल्यावर वरचा थर वाळला की पाणी, तेही सकाळी. कुंडी पूर्वेच्या उन्हात ठेवा. सकाळचं ऊन पाहिजेच, उन्हाशिवाय हे फूल उघडत नाही. दुपारी बारानंतर सावली. जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत कळी दिसेल. कळीवर मावा आला तर बोटानं पुसून काढा, नाहीतर निंबोळी अर्क.

उंदरासाठी कुंडीवर कोंबडीजाळी बांधा. पानं जाळीतून वर येतात. ज्यांचं अंगण रानाला लागून आहे त्यांनी सायाळ आणि रानडुकरापासून सांभाळा. डुक्कर एका रात्रीत वाफा नांगरून टाकतं.

---

झाडीपट्टीचा (कुरखेडा)

काका, इतकं सगळं करून फूल किती दिवस?

---

कोरडवाहू (वरुड)

एक फूल थंडी असेल तर आठवडा-दहा दिवस. फेब्रुवारीत पारा 34 वर गेला तर चार दिवस. झुबक्यातली फुलं पुढेमागे येतात, म्हणून कुंडी दोन-अडीच आठवडे चालते.

---

झाडीपट्टीचा (कुरखेडा)

आणि दुसऱ्या वर्षी?

---

कोरडवाहू (वरुड)

दादा, तुम्ही नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. फूल आणणं विदर्भात जमतं. कंद राखणं अवघड.

फूल गळल्यावर पानं हिरवी असतात तेवढ्या काळात कंद पुढच्या वर्षाची शिदोरी भरतो. थंड देशात त्याला सहा-सात आठवडे मिळतात. आपल्याकडे होळी आली की ऊन असं चढतं की पान पंधरा-वीस दिवसांत पिवळं. म्हातारा कंद संपतो, त्याच्या जागी छोटी छोटी पिल्लं राहतात. पुढच्या वर्षी प्रत्येक पिल्लू एकच रुंद पान काढतं. एक पान आलं की समजायचं, यंदा फूल नाही.

तरी प्रयत्न करणाऱ्यासाठी सांगतो. फूल सुकलं की फक्त बोंड खुडा, बी धरू देऊ नका. देठ आणि पानं कापू नका. कुंडी हिरव्या नेटखाली किंवा निंबाखाली न्या. पोटॅशचं पातळ पाणी दोनदा द्या. पान अर्धं पिवळं झालं की पाणी बंद, एकदम बंद.

मग कुंडी तशीच घरातल्या सगळ्यात गार खोलीत. टिनाखाली नको, गच्चीवर तर नकोच. कारण पुढच्या वर्षाचं फूल या उन्हाळ्यातच कंदाच्या पोटात तयार होतं, आणि ते 20-25 अंशांत नीट होतं. रानात वीतभर खोल मातीत त्याला तेवढा गारवा मिळतो. टिनाच्या खोलीत 42 अंशांत कंद जगेल, पण पोटातली कळी जळेल. जाड मातीच्या भिंतींचं जुनं घर असेल तर त्यातली कोठी उत्तम. जूनमध्ये हवा दमट झाली की कंद काढून कोरड्या रेतीत, जाळीच्या टोपलीत. सप्टेंबरअखेर पुन्हा फ्रीज.

हे सगळं केलं तरी निम्मे फुलले तर पुष्कळ. बाकीच्यांनी सरळ एका हंगामाचं फूल समजावं. दिल्लीत चाणक्यपुरीच्या रस्त्यांवर दरवर्षी ट्यूलिप फुलतात, तेही आधी थंडी दिलेले कंद आणून लावलेले असतात.

---

कपाशीवाली (आर्वी)

म्हणजे दरवर्षी पैसे. मग मी नाही लावत. मी ती थायलंडची ‘सियाम ट्यूलिप’ आणते. नावाला ट्यूलिप, जात हळदीची. पावसाळ्यात फुलते, हिवाळ्यात आपोआप झोपते. गुलाबी तुरा महिनाभर टिकतो.

---

झाडीपट्टीचा (कुरखेडा)

कपाशीवाली ताई, मग रानहळदच आणा की! तुमसर-गोंदियाकडे कोणी ओळखीचं असेल तर परसातली मिळेल, जंगलातली खोदायला नको.

---

शेवंता (हिंगणघाट)

मध्येच विचारते. आमच्या शाळेसमोर मोठं झाड आहे, शेंदरी फुलांचं, गुरुजी त्याला ट्यूलिप म्हणतात. ते यातलंच का?

---

पुस्तकी किडा (नागपूर)

नाही हो. ते स्पॅथोडिया, आफ्रिकेचं झाड. फुलाचा आकार बघून नाव दिलंय. याच्याशी नातं नाही.

---

बरडावरची (दारव्हा)

सगळ्यांचे आभार. ठरलं असं. टार्डा रद्द. क्लुसियानाचे कंद आणि मिळाला तर क्रिसान्था, फक्त कुंड्यांत. आजेसासऱ्यांच्या वेळचं मातीचं घर मागे उभं आहे, त्याची कोठी उन्हाळ्यात इतकी गार असते की आम्ही लोणच्याच्या बरण्या तिथेच ठेवतो. थर्मामीटर लावून पाहते.

काका, एक शेवटचं. फ्रीज घरचाच वापरला तर फळांचा त्रास, म्हणून जाऊबाईंकडचा जुना बंद पडलेला दुरुस्त करून घेतेय. त्यात बर्फ साचतो. चालेल ना?

---

कोरडवाहू (वरुड)

चालेल. पण बर्फ साचणाऱ्या फ्रीजमध्ये वरचा खण फार गार होतो, कंद तळाला ठेवा आणि मागच्या भिंतीला टेकू देऊ नका. थर्मामीटर आधी कोठीत नाही, फ्रीजमध्ये लावा. रात्रभर ठेवून 4-5 अंश दाखवत असेल तर बटण तिथेच राहू द्या. कंद आत ठेवण्याआधी दोन दिवस रिकामा चालवून बघा.

---

ऊनकरी (अकोला)

ताई, मायासाठी पाच कांदे जास्तीचे मांगवजा. पैसे देतो. बायकोले सांगू नोका, बोगनवेलीवरून तिनं आधीच डोकं खाल्लं हाये.

---

बरडावरची (दारव्हा)

मागवते भाऊ. टोमॅटोचं मात्र वहिनींना सांगावंच लागेल.